पट्टा, कपलिंग आणि कुलूप

मेहरूण म्हटलं की जळगावकराला आधी तलाव आठवतो, मग बोरं. त्याच शिवाराला खेटून असलेल्या एमआयडीसीची ओळख जरा कोरडी आहे: डाळ मिल, चटईचे कारखाने, पीव्हीसी पाइप, तेल मिल. तिथल्या कुठल्याही शेडमध्ये शिरा आणि मोटरवरची पाटी वाचा. किलोवॅट, व्होल्ट, आरपीएम सगळेच वाचतात. ‘फ्रेम’पुढे १३२, १६०, २२५, ३१५ असा एखादा आकडा असतो, त्याची आठवण मात्र मोटर बदलायची वेळ आली की मगच होते. तो आकडा म्हणजे उंची. मोटरचे पाय टेकतात तिथपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची, मिलिमीटरमध्ये. ३१५ फ्रेमची मोटर कोल्हापुरात बनो की जर्मनीत, तिचा शाफ्ट पायापासून ३१५ मिलिमीटरवरच असणार.

थोडा फरक चालतो, पण एकाच बाजूला. २५० पर्यंतच्या फ्रेमला अर्धा मिलिमीटर आणि त्यापुढच्या फ्रेमला एक मिलिमीटर कमी चालतं. जास्त मात्र अजिबात चालत नाही. कारण साधं आहे. उंची कमी पडली तर पायाखाली पातळ पत्रा सरकवता येतो. जास्त झाली तर बेस तरी घासा, नाहीतर पाइपांनी जखडलेला पंप तरी उचला. प्रमाण ठरवणाऱ्यांनी फिटरची ही अडचण कागदावरच सोडवून ठेवली आहे. मला हा नियम मोटरच्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा वाटतो.

आणि १६०, २००, २५०, ३१५ असे आडनिडे आकडेच का? त्यांचा पूर्वज चक्क फुगे उडवणारा आहे. शार्ल रेनार हा फ्रेंच सैन्यातला अधिकारी १८७०च्या दशकात लष्करी बलूनचं काम पाहत होता. बलूनच्या दोरखंडांचे ४२५ प्रकार गोदामात पडून होते. त्याने आकड्यांची एक शिडी बांधली: प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या साधारण दीडपट, पाच पायऱ्या चढल्या की बरोबर दहापट. ४२५ प्रकारांचे १७ झाले. पुढे मधल्या पायऱ्या घालून सव्वापटीची, दहा पायऱ्यांत दहापट होणारी झालेली ती शिडी जगभरच्या प्रमाणांत शिरली आणि मोटरच्या पाटीवर येऊन बसली.

मोटर बसवणं, तिचा शाफ्ट पंपाच्या किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टशी एका रेषेत आणणं, आणि हे करताना कुणाचा हात जाऊ न देणं: आज हे तिन्ही एकच काम मानतात. पण तिघांची कुळं वेगळी आहेत, आणि तिसऱ्याचं कूळ खानदेशातल्या जिनिंगच्या जमिनीखालून जातं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव आकाशाला भिडवले. खानदेशात तेव्हाच रेल्वे येत होती, आणि जळगाव कापसाची मोठी पेठ झालं. १८७०च्या दशकात मुळजी जेठा यांची खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. गावोगावी जिन आणि प्रेस निघाले. या सगळ्यांचा जीव एका वाफेच्या इंजिनात असे. इंजिन एक लांबलचक लाईन शाफ्ट फिरवी, शाफ्टवर पुल्या, पुल्यांवर चामड्याचे किंवा कॅनव्हासचे पट्टे, आणि पट्ट्यांच्या दुसऱ्या टोकाला यंत्रं.

या व्यवस्थेत अलाइनमेंट नव्हतीच असं नाही. ओळंबा सोडून, दोरा ताणून शाफ्टची रांग बघितली जाई. पण माप सुतात व्हायचं, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या वर. सपाट पट्ट्याच्या पुलीला मधोमध थोडा फुगवटा असतो. पट्टा आपोआप त्या फुगवट्यावर चढून मध्यावर राहतो. दोन पुल्यांत सूतभर फरक असला तरी काम चालतं. पट्टा सैल झाला तर मोटर किंवा इंजिन रेलवर मागे ओढा. अडकलं काही तर पट्टा घसरेल, यंत्र वाचेल. पट्ट्यासारखा क्षमाशील भागीदार यंत्रशाळेला पुन्हा मिळाला नाही.

त्याची किंमत अर्थातच दुसरीकडे वसूल व्हायची. निम्मी यंत्रं बंद असली तरी अख्खा शाफ्ट फिरवावा लागे. आणि तो उघडा फिरे. धोतराचा सोगा, उपरण्याचं टोक, लुगड्याचा पदर: शाफ्टला काहीही पुरे.

जिनिंगमध्ये तर हा शाफ्ट पायाखाली असे. जिनांची रांग वरच्या चौथऱ्यावर, शाफ्ट खाली बोळात, आणि जिनातून सुटलेली सरकीही खालीच पडणार. म्हणजे सरकी काढायला, शाफ्टला तेल द्यायला, झाडायला माणसं त्याच बोळात वाकून जाणार. अंधार, कापसाचं तूस, आणि डोक्याजवळ फिरणारा शाफ्ट. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१चा. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आणि धोक्याच्या यंत्राला कुंपण, एवढी त्याची मजल. पण कुंपणाची कल्पना तिथून रुजली. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ने फिरत्या भागांना कुंपण सांगितलं. कलम २२ने सांगितलं की चालत्या यंत्राजवळ जायचंच असेल तर ते खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि ते कपडे मालकाने द्यायचे. धोतराच्या सोग्यामुळे किती जीव गेले असतील, हे त्या एका अटीवरून कळतं.

महाराष्ट्र कारखाने नियम १९६३चे. त्यात कापूस जिनिंगसाठी स्वतंत्र तरतूद आहे, आणि खानदेशातल्या माणसाने ती एकदा वाचावीच. लाईन शाफ्ट जमिनीच्या पातळीखाली असेल तर तो सलग भिंतीने किंवा चढता येणार नाही अशा कुंपणाने पूर्ण बंद करायचा. सरकी काढणं, सफाई, तेल देणं यांना लागतील तेवढीच दारं ठेवायची. आणि ती दारं बंद, कुलूप लावून ठेवायची. अमेरिकेत ऊर्जा तोडून कुलूप लावण्याचा तपशीलवार नियम १९८९ साली आला, १९९०च्या जानेवारीपासून लागू झाला. आज कंपन्यांच्या सुरक्षा प्रशिक्षणात तेच ‘लॉकआउट-टॅगआउट’ या नावाने, परदेशातून आलेलं म्हणून शिकवतात. दोन्ही कुलपांत फरक आहे, हे मान्य. जिनिंगचं कुलूप माणसाला शाफ्टपासून दूर ठेवी. आजचं कुलूप माणूस शाफ्टजवळ असताना विजेला दूर ठेवतं. पण यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये कुलूप असावं, हे आपल्याकडे सरकीच्या बोळातच सांगितलं गेलं होतं.

आता मोटरकडे येऊ. तीन फेजची पिंजऱ्याची इंडक्शन मोटर १८८९ साली एईजी या जर्मन कंपनीत मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी बनवली. १८९१च्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात १७५ किलोमीटरवरच्या लाउफेनहून वीज आणून तशा शंभर अश्वशक्तीच्या मोटरने पंप चालवून कृत्रिम धबधबा पाडून दाखवला. आपल्याकडे खोपोलीची टाटांची जलविद्युत १९१५च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९३७ साली कोइमतूरला देशी मोटर बनली, १९४६ साली किर्लोस्करांची इलेक्ट्रिक कंपनी बंगळूरला निघाली.

यात एक गंमत आहे. वीज आली तेव्हा बहुतेकांनी इंजिन काढलं आणि त्याच जागी एक मोठी मोटर बसवली. शाफ्ट तोच, पट्टे तेच. अमेरिकेतही कारखान्यांतली निम्मी शक्ती विजेवर यायला १९२० उजाडलं, आणि एका यंत्राला एक मोटर ही रीत त्यानंतरच पक्की झाली. खानदेशातल्या बऱ्याच जिनिंगमध्ये जमिनीखालचा शाफ्ट थेट विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत फिरत होता. २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं, जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला मदत मिळाली, आणि जिनाजिनाला स्वतःची मोटर आणि गिअरबॉक्स आला. बोळ बुजले.

पट्टा गेला आणि त्याच्या जागी कपलिंग आलं. सगळीकडे नाही, डाळ मिलमध्ये अजूनही व्ही-बेल्टचंच राज्य आहे, आणि ते योग्यच आहे. पण जिथे मोटर मोठी, जिथे पंप, ब्लोअर, एक्सट्रूडरचा गिअरबॉक्स, तिथे शाफ्टाला शाफ्ट भिडवतात. भुसावळजवळ दीपनगरला वीज केंद्र आहे; तिथल्यासारख्या २१० मेगावॅटच्या संचाला पाणी पुरवणाऱ्या पंपाची मोटर चार मेगावॅटच्या घरात असते. तेवढी ताकद दोन शाफ्टांच्या मधल्या वीतभर जागेतून जाणार. इथे सुताच्या हिशेबाला जागा उरत नाही. १५०० आरपीएमला दोन शाफ्टांच्या मध्यांतला फरक मिलिमीटरच्या नऊ शतांशांच्या आत हवा, जमलं तर सहाच्या. सूत आणि हे माप यांत तीस-पन्नास पटींचं अंतर आहे, आणि काही कारखान्यांनी ते एका पिढीत कापलं.

कपलिंगमध्ये रबर असतं ना, ते सांभाळून घेईल, असं अजूनही ऐकू येतं. पिन-बुशचं रबर असो की टायर कपलिंगचा टायर, तो थोडा वाकडेपणा खरंच सोसतो. कॅटलॉगमध्ये तसा आकडाही दिलेला असतो. पण तो आकडा कपलिंग किती सोसेल याचा आहे, बेअरिंग आणि सील किती सोसतील याचा नाही. रबर दाबलं जातं तेव्हा तेवढाच जोर शाफ्टवर उलटा येतो, प्रत्येक फेऱ्याला. कपलिंग वर्षभर टिकतं, बेअरिंग चार महिन्यांत जातं, आणि शिव्या बेअरिंगच्या कंपनीला बसतात.

हे शतांश मोजायचं साधन घड्याळाच्या गावातून आलं. १८८३ साली अमेरिकेतल्या वॉल्थम या घड्याळांच्या गावी जॉन लोगन यांनी डायल गेजच्या पेटंटसाठी अर्ज केला. पिनची हालचाल दातेरी चाकांनी वाढवून काट्यावर दाखवायची, हे तंत्र घड्याळजींच्याच हातचं. आमच्याकडे फिटर मॅग्नेट बेस एका कपलिंगवर बसवतो, डायलची पिन दुसऱ्यावर टेकवतो, वर शून्य करतो आणि दोन्ही शाफ्ट एकत्र हाताने फिरवतो. खाली काटा वीस शतांश दाखवू लागला तर नवा मुलगा वीसचा पत्रा कापायला धावतो. हवा असतो दहाचा. डायल पूर्ण अर्ध्या फेऱ्याचा फरक दाखवते, मध्यांतलं अंतर त्याच्या निम्मं. शिवाय डायल धरणारी सळई लांब असेल तर ती स्वतःच थोडी झुकते. ती झुक आधी एका सरळ पाइपवर मोजून ठेवावी लागते. १९८४ साली प्रुफटेक्निक या जर्मन कंपनीने लेझरचं यंत्र काढलं आणि हा सगळा हिशेब यंत्रात गेला. आता पडदा सांगतो: पुढच्या पायाखाली इतकं, मागच्या पायाखाली इतकं.

पडदा सांगत नाही अशा गोष्टी मात्र जमिनीत असतात. खानदेशची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ओतलेलं फाउंडेशन तिच्याबरोबर हलणार. म्हणून मुरूम लागेपर्यंत उकरायचं, आणि काँक्रीटचं वजन यंत्राच्या निदान तिप्पट धरायचं. मोटरवरचा आय-बोल्ट फक्त मोटरच्या वजनासाठी असतो. पंप आणि बेससकट अख्खा संच त्याला टांगणं म्हणजे जिवाशी खेळ. स्टोअरमध्ये पावसाळा काढलेली मोटर मेगर लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय जोडायची नाही. ओल धरली असेल तर आत बल्ब लावून किंवा हीटरने सुकवायची, वाचन वर आलं की मगच पुढे.

मग येतो सॉफ्ट फूट, सगळ्यात जास्त वेळ खाणारा आणि सगळ्यात जास्त वेळा गाळला जाणारा भाग. चार पायांच्या डुगडुगणाऱ्या खाटेवर माणूस बसला की खाट टेकते, पण तिची चौकट पिळलेली राहते. मोटरचंही तेच. चारही बोल्ट आवळलेले असताना एका पायावर डायल लावायची आणि फक्त त्याचा बोल्ट सैल करायचा. काटा पाच शतांशांहून जास्त हलला तर तो पाय हवेत आहे. बोल्टने त्याला ओढून खाली आणलंय, म्हणजे बॉडी पिळली, आतली रोटरभोवतीची फट एका बाजूला कमी झाली, बेअरिंगची घरं वाकडी झाली. हे न बघता अलाइनमेंट करायला बसलात तर प्रत्येक वेळी बोल्ट आवळला की काटा नवं काहीतरी सांगणार, आणि दुपारपर्यंत सगळे डायललाच नावं ठेवणार. पायाखाली स्टीलचे शिम घालावेत, तीन-चारांहून जास्त नकोत, आणि पायाच्या पूर्ण तळाखाली जातील असे. थंड पेयाच्या डब्याचा कापलेला पत्रा मीही पाहिला आहे. तो दाबून पातळ होतो, आणि मोटर हळूहळू आपल्या जुन्या जागी परत जाते.

दुसरी गोष्ट ऊन. मोटरी साधारण ४० अंशांच्या भोवतालासाठी बनतात; मे महिन्यात जळगाव ४५ला टेकतं, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. शिवाय चालती मोटर स्वतः तापते आणि वाढते. ३५५ फ्रेमच्या बिडाच्या बॉडीचं सरासरी तापमान तीस अंशांनी चढलं तर शाफ्ट साधारण बारा शतांशांनी वर येतो. म्हणजे पहाटे गार असताना बरोबर शून्यावर आणलेली अलाइनमेंट दुपारी मर्यादेबाहेर. जाणता फिटर म्हणून गार मोटर मुद्दाम तेवढी खाली ठेवतो. पंपातून गरम पाणी जात असेल तर पंपही वाढतो, आणि हिशेब उलटा फिरतो.

हे सगळं करताना माणसाचे दोन्ही हात कपलिंगवर असतात. पूर्वी लोक फ्यूज काढून खिशात ठेवत. आजही छोट्या शेडमध्ये ठेवतात, आणि काहीच न करण्यापेक्षा ते शंभर पट बरं. पण फ्यूजच्या जागी ब्रेकर आले, स्टार्टरचं बटण लांबच्या पॅनेलवर गेलं, आता ते मोबाइलवरही आलं. पॅनेलजवळ उभ्या माणसाला कपलिंगजवळचा माणूस दिसत नाही. म्हणून क्रम असा: आयसोलेटर खाली करायचा किंवा ब्रेकर रॅक आउट करायचा, कुलूप घालायचं, नाव लिहिलेली पाटी लावायची, मग स्टार्टचं बटण दाबून खरंच काही होत नाही ना ते बघायचं. मोठ्या मोटरला जोडलेला कपॅसिटर वीज तोडल्यावरही भरलेला असतो. तो रिकामा करायचा. पंपाचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे, नाहीतर डिलिव्हरी लाइनमधलं पाणी उलटं येऊन शाफ्ट फिरवतं, आणि त्याला विजेची गरज नसते. अलाइनमेंटआधी, कपलिंग सुटं असतानाच मोटर एकटी चालवून दिशा बघायची. उलटी फिरली तर दोन फेजा अदलाबदल करायच्या. काही पंपांचे इंपेलर आट्यांवर असतात, ते उलट्या फिरण्याने सुटून येतात. आणि काम झालं की कपलिंग गार्ड परत बसवायचा. तो कोपऱ्यात उभा करून ठेवला की १८८१च्या मागे गेलो.

लेझरचं यंत्र लाखांत जातं आणि छोट्या कारखान्याला ते विकत घ्यायची गरजही नाही. जाणता फिटर आणि दोन बऱ्या डायली पुरतात. कुलूप काही शे रुपयांना मिळतं. एमआयडीसीतल्या ज्यांच्या शेडमध्ये कपलिंगवर चालणारी मोटर आहे, त्यांनी काम करणाऱ्या प्रत्येकाला एक स्वतंत्र कुलूप आणि एकच किल्ली द्यावी. दुसरी किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही.